ग्रानादा की कोर्दोबा

१९८३ च्या मे महिन्यात आम्ही वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या घराला कुलूप लावलं, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, गुरुजी म्हातारपणी मजा मारायला विलायतेला चालले. मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. समुद्रपूरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवल्यावर माणसाला एवढं कळतं की लोकांना जे मानायचं ते लोक मानतातच. खरं कारण माझ्या बायकोचे डोळे हे होतं. शांताला काचबिंदू होता. आमच्याकडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आमचा मुलगा मिलिंद लंडनच्या एका दवाखान्यात डॉक्टर होता, म्हणून एकदा तिकडं दाखवून यावं, इतकाच आमचा प्रवास ठरला होता.

लंडनच्या म्हाताऱ्या डॉक्टरानं तिला तीनदा तपासलं आणि मिलिंदशी हळू आवाजात बोलला. जी नजर गेली ती गेली, उरलेली वर्षअखेरीपर्यंत जाईल. तिला तेव्हा बांगडीएवढ्या गोलातलंच दिसत होतं, आजूबाजूला काही नाही. त्यात जवळची नजर. चष्मा नसला तर नाकापासून चार बोटांवरचं काय ते दिसायचं, पुढं सगळं धुकं. डॉक्टरानं तिला नवा चष्मा करून दिला. काचा सुपारीएवढ्या जाड, पण तो लावला की त्या बांगडीएवढ्या गोलात सगळं लख्ख दिसे. जुना दोरा बांधलेला चष्मा मिलिंदनं केराच्या टोपलीत टाकला. मीच म्हणालो होतो, आता हा कशाला.

मिलिंदला रजा नव्हती. इंग्रज लोक दक्षिण स्पेनला आठवडाभर उन्हं खायला जातात, त्यांच्यासाठी स्वस्तातल्या सहली असतात. विमान, हॉटेल, सकाळची न्याहारी आणि एका ऐतिहासिक शहराची मोटारसहल, सगळं एकत्र. त्यानं आमच्यासाठी अशी एक सहल घेतली. विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, आईले काहीतरी सुंदर दाखवा. मंग तं..." आयुष्यभर मी पोरांना राजवाडे आणि तह शिकवले होते. आता परीक्षा माझी होती आणि पेपर एकच होता.

शांतानं नवा चष्मा पेटीत घालून, पेटी रुमालात बांधून पिशवीत ठेवून दिला होता. नवं लुगडंही ती असंच घडी मोडायला भीत असे. विमानात खिडकीची जागा तिला मिळाली, पण चष्मा लावायला तयार नव्हती. "तिथं गेल्यावर लावीन. आत्तापासून काऊन घासू?" म्हणाली. मग खाली काय दिसतं ते मलाच विचारत राहिली. खाली डोंगर होते, कोरडे, तांबूस, उन्हानं पोळलेले. मी म्हणालो, उन्हाळ्यातल्या आपल्या समुद्रपुरासारखंच आहे. तिला हसू आलं. एवढे पैसे घालून समुद्रपूरच पाहायचं होतं का, म्हणाली.

मालागा या बंदरापासून जवळ, समुद्राकाठी आमचं हॉटेल होतं. इंग्रज बाया-माणसं सकाळपासून वाळूत पालथी पडलेली असत. आम्ही दोघं सावलीत बाकावर बसायचो आणि येणारे-जाणारे आमच्याकडे, विशेषतः शांताच्या लुगड्याकडे, वळून पाहायचे. जेवणात पहिल्या दिवशी गाझ्पाचो (टमाट्याचं थंडगार सार) आलं. ते गरम करून आणा, असं मी वेटरला खुणेनं सांगितलं. त्यानं ते खरंच गरम करून आणलं आणि ते तोंडात घालवेना. शेवटी शांतानं पिशवीतली जवसाची चटणी काढली आणि पावाला लावून आम्ही दोघांनी ती खाल्ली. शेजारच्या टेबलावरची इंग्रज बाई वास घेत इकडे पाहत होती.

आता ठरवायचं होतं शहर. सहलीचा माणूस रोज सकाळी दारातल्या खोलीत कागद घेऊन बसायचा. सेविया, कोर्दोबा, ग्रानादा, तिन्हीपैकी कुठल्याही एकाच गाडीत आमचं नाव घालता येत होतं. सेविया मी पहिल्या दिवशीच कापलं, फार लांब आणि उन्हाची भट्टी. उरली दोन. मी लंडनच्या वाचनालयातून या शहरांवरचं एक पुस्तक आणलं होतं आणि वहीत टिपणं काढली होती, वर्गात जायच्या आधी काढायचो तशी. ग्रानादाला अरब राजांचा अलाम्ब्रा राजवाडा, डोंगरावर, अखंड, भिंतीभिंतीवर कोरीव काम. कोर्दोब्याला मोठी मशीद, तिच्या पोटात पुढं ख्रिस्ती लोकांनी आपलं देऊळ बांधलेलं. माझं मत ग्रानादाकडे होतं. माझं मत नेहमी एकच असतं. तरी ते बायकोच्या तोंडून यावं म्हणून मी तीन दिवस थांबलो.

तिचं मत दुसरंच होतं. आमची खोली झाडायला पिलार नावाची बाई यायची, चाळिशीची, ठेंगणी. शांता आणि ती एकमेकींची भाषा न समजता तासभर बोलायच्या. पिलारचं माहेर कोर्दोब्याचं. तिनं एक पोस्टकार्ड आणून दाखवलं. तिथं घराच्या पोटात पातिओ (चौकासारखं आतलं अंगण) असतं, त्याच्या पांढऱ्या भिंतीवर निळ्या कुंड्या टांगलेल्या, प्रत्येकीत लाल फूल. शांतानं ते कार्ड नाकाला टेकवून पाहिलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, हळूहळू सरकवत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मले हे पाहाचं आहे. भिंतीले कुंड्या टांगून राह्यले, पाहा."

मी हसलो. आपल्या घरी डालड्याच्या डब्यात तुळस आहे, जास्वंद आहे, कुंड्या पाहायला एवढ्या लांब कोणी येतं का? शिवाय ती मशीद म्हणजे धड इकडची ना तिकडची, अर्धवट काम, असंही मी वर म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "आपुनही छप्पन सालच्या आंधी दुसरेच होतो ना. मंग आपल्याले बी अर्धवट म्हणता का?"

छप्पन साली आम्ही दोघं पांढऱ्या कपड्यांत नागपूरला धम्मदीक्षा घ्यायला गेलो होतो, तिच्या कडेवर सहा महिन्यांची आमची थोरली होती, जी पुढं वारली. उत्तर सुचलं नाही की मी गप्प होतो आणि मनातलं मत मात्र बदलत नाही. ही खोड शाळेतल्या सगळ्या मास्तरांना ठाऊक होती.

या ठरवाठरवीत तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी मी नाव घालायला गेलो तर ग्रानादाची गाडी भरलेली. कोर्दोब्याच्या गाडीत दोन जागा होत्या. तो माणूस पेन्सिल उचलून माझ्याकडे पाहत होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथं विघ्न मीच होतो. मी म्हणालो, राहू द्या, आम्ही साध्या बसनं ग्रानादाला जाऊ. शांताला सांगितलं की दोन्ही गाड्या भरल्या. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही मालागाच्या बस स्टँडवर पोचलो. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचं विमान होतं. स्टँड पाहून मला बरं वाटलं. आपल्या वर्ध्याच्या स्टँडसारखीच गर्दी, बोचकी, कोंबड्यांची टोपली घेतलेला एक म्हातारासुद्धा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दोन्हींच्या दाराशी झुंबड. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, "ग्रानादा?" त्यानं हात केला. मी जवळच्या गाडीकडे धावलो.

आमच्याकडे एस.टी.त जागा कशी धरतात हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहितो. खिडकीतून रुमाल, टोपी, दुपट्टा, हाती लागेल ते सीटवर टाकायचं. रुमाल पडला की जागा आपली. मग निवांत तिकिटाचं पाहावं, चहा प्यावा. भांडण झालं तर लोक रुमालाची बाजू घेतात. अठ्ठावीस वर्षं मी वर्धा-समुद्रपूर अशीच जागा धरली. पाटी वाचत बसणाऱ्याला एस.टी.त जागा मिळत नाही. शांताला खिडकी मिळायला हवी होती, रस्ताभर तिला पाहता यावं म्हणून. खिशात रुमाल होता, पण मनात आलं, हे लोक रुमाल कचरा म्हणून फेकतील, पिशवी कोणी फेकत नाही. मी शांताच्या हातची पिशवी घेतली.

"चष्मा आहे त्यात," ती म्हणाली.

"दोन मिनिटांत तं येऊन राह्यलो," म्हणत मी टाचा उंच करून पिशवी उघड्या खिडकीतून पुढच्या सीटवर टाकली आणि तिला खांबाशी उभं करून तिकिटाच्या खिडकीकडे गेलो.

तिकीटवाल्यानं दोन तिकिटं दिली, त्यांवर आकडे लिहिलेले. तो मोडक्या इंग्रजीत सांगत होता की हे आसिएन्तोचे (आसनाचे) आकडे आहेत, इथं प्रत्येकाची जागा आधीच ठरलेली असते. म्हणजे पिशवी टाकायची गरजच नव्हती. हसत हसत मागं वळलो, शांताला सांगावं म्हणून. जवळची गाडी तिथं नव्हती. लांबची, ग्रानादाची, अजून उभी होती. म्हाताऱ्यानं हात तिकडं केला होता. गेली ती कोर्दोब्याची.

मी पुन्हा खिडकीकडे धावलो. तिकीटवाला भला माणूस. तो कोर्दोब्याच्या स्टँडवर फोन करतो म्हणाला. गाडी पोचली की पिशवी तिथं काढून ठेवतील. तुम्ही साडेबाराच्या गाडीनं जा आणि घ्या, किंवा थांबा, रात्री शेवटच्या गाडीनं ती बहुधा इकडे येईल. बहुधा हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. मी एकदाही ऐकला नाही.

शांता खांबाला हात लावून उभी होती. मी सगळं सांगितलं. तिनं विचार केला नाही, लगेच म्हणाली, "माहा चष्मा गेला न कोर्दोब्याले. चला ना त्याच्यामांगं."

साडेबाराला निघालो तर चार वाजता पोचणार, तिथून मालागाची शेवटची गाडी मिळाली तर मिळाली, नाहीतर रात्र स्टँडवर आणि विमान चुकलं तर काय, हे सगळं मी तिला मांडून सांगितलं. हाती ग्रानादाची तिकिटं होती, गाडी समोर सुरू होत होती. चष्मा रात्री येतोच आहे, तोवर इथं खांबाशी बसण्यापेक्षा राजवाडा तरी पाहू. असं मी म्हणालो. बिनचष्म्याच्या बाईला राजवाडा दाखवायला निघालेला माणूस उंटावरचा शहाणाच म्हणायचा. मी दंड धरला, ती गाडीत चढली. आकड्याप्रमाणे तिची जागा खिडकीचीच निघाली.

रस्ता फार देखणा आहे. डोंगरांच्या उतारावर जैतुनाची (ऑलिव्हची) झाडं, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासांसारखी एकामागं एक सरळ, क्षितिजापर्यंत. मधेच चुन्यानं रंगवलेलं एखादं गाव. पुढं बर्फ असलेला डोंगर, जूनच्या तोंडावर. मी एकेक सांगत गेलो. शांता काचेला कपाळ टेकून बसली होती आणि हूं म्हणत होती. नंतर तेही थांबलं. मीही थांबलो.

अलाम्ब्रा मी पाहिला. पुस्तकात लिहिलं होतं त्याहून मोठा आहे. दगडाच्या सिंहांचं कारंजं आहे, मधमाशीच्या पोळ्यासारखी छतं आहेत, टाक्यांतल्या पाण्यात मनोरे उलटे दिसतात. जगातले लोक तोंड उघडं टाकून वर पाहत होते आणि त्यांच्यामधून मी बायकोला हाताला धरून नेत होतो, पायरी आली की पायरी म्हणत, दार आलं की वाक म्हणत. तिला रंगीत धुकं दिसत होतं, मधे बांगडीएवढं, कडेला तेवढंही नाही. एका दालनात तिनं माझा हात सोडला, पायानं अंदाज घेत भिंतीपाशी गेली आणि नाक भिंतीला टेकवलं. खाली भिंतीला चकचकीत रंगीत फरशा बसवल्या होत्या. ती त्यांच्यावरून डोळा सरकवू लागली, पोस्टकार्डावरून सरकवला होता तसा.

पहारेकरी धावत आला. "सेन्योरा, नो तोकार (बाई, हात लावायचा नाही)," असं दोन-तीनदा म्हणाला. लोक वळून पाहू लागले. मी इंग्रजीत समजावत होतो, त्याला इंग्रजी येत नव्हतं. शांता मागं सरली. तिचे दोन्ही हात पाठीशी बांधलेले होते, वर्गातल्या पोरीसारखे. तिनं भिंतीला हात लावलाच नव्हता.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"बोटभर निळं आहे. त्याले एक तडा गेला आहे," ती म्हणाली. "झालं आता. बाहेर बसू."

बाहेर एका पायरीवर आम्ही दोन तास बसलो. भोवती कारंज्यांचा आवाज होता. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि एक गोष्ट बरी होती की ते तिला दिसत नव्हतं. एवढा जीव कधी हताश झाला नव्हता, थोरली गेली तेव्हा सोडून. तेव्हा निदान दोष माझा नव्हता.

संध्याकाळी मालागाला आलो. तिकिटाच्या खिडकीत दुसराच माणूस होता, त्याला पिशवीचं काही माहीत नव्हतं. शेवटच्या गाडीची वाट पाहिली. ती आली, माणसं उतरली, ड्रायव्हरनं रिकामे हात दाखवले. हॉटेलकडे परतताना शांता बोलली. "चुकलं असतं विमान तं चुकलं असतं. पोरानं दुसरं पाठवलं असतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी पिलार निरोप द्यायला आली, तिला खुणांनी सगळं सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि शांताला मिठी मारली. लंडनला मिलिंदनं पुन्हा चष्मा करायला टाकला, पण पुन्हा तपासण्या, पुन्हा तारखा. तो हाती येईपर्यंत तो बांगडीचा गोल आठ आण्याच्या नाण्याएवढा झाला होता. डॉक्टरानं सांगितलेल्या वेळेच्या आधीच. घरी आलो. पोळ्याच्या दिवशी तिला बैल दिसले नाहीत, फक्त घुंगरं ऐकू आली.

कापूस फुटायच्या दिवसांत लंडनहून येणाऱ्या एकाच्या हाती मिलिंदनं पार्सल पाठवलं. आत ती पिशवी होती, धुतलेली, इस्त्री केलेली. हॉटेलचं कार्ड आत होतं, त्यावरून कोर्दोब्याच्या कोणीतरी ती हॉटेलला पोचवली होती, तिथून लंडनला. जवसाच्या चटणीचा डबासुद्धा घासून ठेवला होता. रुमालात चष्मा, जसाच्या तसा, आणि पिलारनं घातलेलं ते पोस्टकार्ड. शांतानं चष्मा लावला. मी वाट पाहत राहिलो. ती खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बसली आणि मग तिनं तो काढून पेटीत ठेवला, पेटी रुमालात बांधली.

तेव्हापासून नातेवाईक, जुने मास्तर, आंजीचा माझा मेव्हणा, जो येईल तो स्पेन कसा होता म्हणून विचारतो. मी काही बोलायच्या आत तीच सांगते, "यायनं ग्रानादा पाह्यलं. मी कोर्दोबा." लोक माझ्याकडे पाहतात आणि मी मान हलवतो. तिकडच्या गाडीत दोन जागा होत्या, हे सांगायला रोज सकाळी तोंड उघडतो आणि रोज मिटतो.

दिवेलागणीला ती पोस्टकार्ड काढून माझ्या हातात देते. जिथं मी कधी गेलो नाही ते शहर मला तिला दाखवावं लागतं. पांढरी भिंत. वरच्या रांगेत पाच कुंड्या, निळ्या. दुसऱ्या रांगेत चार, एकीतलं फूल थोडं सुकलेलं. मग दार. परवा मी थकलो होतो, भराभर सांगून कार्ड ठेवायला लागलो.

"थांबा," ती म्हणाली. "पायरीजवळची राह्यली."

मी कार्ड पुन्हा उजेडात धरलं आणि पायरीजवळची कुंडी दाखवली.